व्हाइट सॉक्सची दुसरी पुनर्बांधणी: प्लेऑफची आशा कितपत धरावी?

प्रश्न असा आहे: "काका, आम्ही नवराबायको दोघंही शिकागो व्हाइट सॉक्सचे चाहते. नवरा म्हणतो, पोरं तयार झालीत, २०२७ मध्ये प्लेऑफ नक्की. मी हा संघ २०१७ पासून बघतेय आणि हेच वाक्य तेव्हाही ऐकलंय. मालक बदलेपर्यंत काही होणार नाही असं माझं मत. घरात रोज वाद होतो. तुम्ही इतकी वर्षं मुलांना बेसबॉल शिकवताय, तुम्हीच सांगा, कोण बरोबर?"

आधी २७ सप्टेंबर २०२४ ची रात्र सांगतो, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. त्या शुक्रवारी मी शिकागोजवळच्या ऑरोराहून पाच तास गाडी चालवून डेट्रॉइटला गेलो होतो. आपला संघ तोवर १२० सामने हरला होता, म्हणजे १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सच्या बरोबरीला येऊन ठेपला होता. आणखी एक हरला की आधुनिक बेसबॉलमधल्या एका मोसमातल्या सर्वाधिक पराभवांचा विक्रम आपल्या नावावर. तो सामनाही हरला, ४-१. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलंय ते वेगळंच. ज्या चेंडूवर आपला १२१ वा पराभव नोंदला गेला, त्याच चेंडूवर डेट्रॉइट टायगर्सची प्लेऑफमधली जागा दहा वर्षांनी पक्की झाली. एकीकडे मैदानाच्या मधोमध खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, दुसरीकडे आपली पोरं डगआउटमधले ग्लोव्ह आणि बॅटी गोळा करून, खाली मान घालून आत निघाली होती. आणि याच टायगर्सनी पाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, ११४ सामने गमावले होते.

दोघांनी जुनं घर पाडायला घेतलं, म्हणजे नावाजलेले खेळाडू देऊन तरुण पोरं गोळा करायला सुरुवात केली, ती जवळपास एकाच सुमारास. आपण डिसेंबर २०१६ मध्ये आपला हुकमी पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) ख्रिस सेलला बॉस्टनला दिलं, टायगर्सनी ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचा पिचर जस्टिन व्हर्लँडरला ह्यूस्टनला दिलं. आठ वर्षांनी एक संघ नाचत होता आणि दुसरा विक्रमी तळाला होता. तुम्ही दोघं ज्यावर वाद घालताय त्याचं मर्म या फरकात आहे. म्हणून तुझ्या नवऱ्याने मोजलेल्या पोरांपेक्षा आणि तू धरलेल्या मालकापेक्षा मला तिसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: पोरं मोठ्या संघात पोचल्यावर पुढच्या दोन वर्षांत संघ त्यांच्याभोवती काय उभं करतो. आपली पहिली पुनर्बांधणी हरण्याच्या वर्षांत फसली नाही. ती फसली जिंकायला लागल्यावर.

इथे आयपीएलसारखा दरवर्षी लिलाव नसतो. ड्राफ्टमधून (नव्या मुलांची संघांनी क्रमाने केलेली निवड) किंवा अदलाबदलीतून आलेला मुलगा मोठ्या लीगमध्ये पोचला की साधारण सहा वर्षं त्याच संघाच्या ताब्यात राहतो. त्यातली पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो. २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. त्याच ताकदीचा खेळाडू बाजारातून आणायचा तर वर्षाला दोन-अडीच कोटी डॉलर मोजावे लागतात. म्हणजे स्वस्त वर्षांत जो पैसा वाचतो, त्यातून उरलेल्या जागा भरायच्या, हे या सगळ्या खटाटोपामागचं गणित. पैसा नुसता वाचवला आणि जागा रिकाम्याच ठेवल्या, तर स्वस्त वर्षं निघून जातात आणि हातात काही राहत नाही.

आता पहिल्या वेळचं आठव. सेलच्या बदल्यात योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक आले. दुसऱ्याच दिवशी अॅडम ईटनच्या बदल्यात लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग. जुलै २०१७ मध्ये होजे क्विंटानाच्या बदल्यात शिकागोच्याच दुसऱ्या संघाकडून, कब्जकडून, एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस. मी तेव्हा आमच्या मुलांना सांगायचो, नावं लिहून ठेवा, हे सगळे पुढे गाजणार. आणि ते गाजलेही! जिओलिटोने २०२० मध्ये नो-हिटर टाकला (समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही), एलॉयने पहिल्याच मोसमात ३१ होम रन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, मारले, सीस २०२२ मध्ये सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्कारात दुसरा आला. म्हणजे प्रतिभा ओळखण्यात आपली चूक झाली नव्हती. २०२० मध्ये प्लेऑफ, २०२१ मध्ये ९३ विजय आणि विभागाचं विजेतेपद. मग ह्यूस्टनने ३-१ असं घरी पाठवलं, आणि त्यानंतर ८१ विजय, ६१ विजय, ४१ विजय.

त्या ९३ विजयांनी आपल्या सगळ्यांची फसगत केली. आपण विभागात १३ सामन्यांच्या आघाडीने पहिले आलो, पण उरलेल्या चारही संघांचे पराभव विजयांहून जास्त होते. दुबळ्या शेजाऱ्यांमध्ये आपण उंच दिसलो. त्या वर्षीचं आउटफिल्ड, म्हणजे मैदानाचा कुंपणाकडचा भाग सांभाळणारे खेळाडू, बघ. मार्चमध्ये, सरावाच्या सामन्यात, एलॉय एक होम रन अडवायला कुंपणावर झेपावला आणि त्याच्या छातीचा स्नायू हाडापासून तुटला. त्या सामन्याच्या निकालाला काडीची किंमत नव्हती. त्याच्या जागी कोण? अँड्र्यू व्हॉन. २०१९ च्या ड्राफ्टमधला तिसऱ्या क्रमांकाचा मुलगा, जन्माचा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसपाशी उभा राहणारा), मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगखालच्या तयारीच्या पायऱ्यांवर, हाय-ए या मधल्या पातळीच्या वर एकही सामना न खेळलेला. त्याला थेट मोठ्या लीगमध्ये आणि तेही लेफ्ट फील्डमध्ये उभं केलं.

मी अठरा वर्षं शिकवतोय, त्याआधी महाराष्ट्रात शाळेच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू घेणारा) होतो. फर्स्ट बेसमनला आउटफिल्डमध्ये घातलं की काय होतं ते मला रोज दिसतं. चेंडू बॅटवरून सुटल्यावर जन्माचा आउटफिल्डर आवाजावरून पहिलं पाऊल मागे टाकतो. फर्स्ट बेसवरून आलेला मुलगा आधी थबकतो, बघतो, मग पळतो. अर्ध्या क्षणाचा फरक असतो. पण एकदा झेल सुटला, दोनदा सुटला की ते ओझं घेऊनच तो फलंदाजीला येतो. व्हॉनच्या बाबतीत हे पहिली दोन वर्षं चाललं. २०२५ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .१८९ वर आली तेव्हा त्याला खाली शार्लटला, आपल्या मायनर लीग संघात, पाठवलं आणि जूनमध्ये मिलवॉकी ब्रुअर्सना देऊन टाकलं. ७ जुलैला ब्रुअर्सकडून पहिल्याच वेळी बॅट हातात घेतली आणि डॉजर्सचा पिचर यामामोटो याला तीन धावांचा होम रन ठोकला. तिथे त्याने .३०८ च्या सरासरीने मोसम संपवला. माणूस तोच, बॅट तीच. शिकागोपासून दीड तासाच्या अंतरावर असलेल्या संघाला तो दोन आठवड्यांत उमगला आणि आपल्याला साडेचार वर्षांत उमगला नाही, हे मला आजही लागतं.

मालकावर सगळं ढकलू नकोस असं मी तुला सांगतो ते याच ब्रुअर्समुळे. लीगमधल्या सर्वांत लहान बाजारपेठेतला हा संघ. २०१८ पासून २०२५ पर्यंतच्या आठ मोसमांत सात वेळा प्लेऑफमध्ये. या काळात त्यांनी घर पाडलंच नाही. एकेक खांब बदलत गेले. त्यांच्याकडे पिचर इतके झाले होते की डिसेंबर २०२४ मध्ये शेन स्मिथ नावाच्या पोराला त्यांच्या चाळीस जणांच्या यादीत जागा उरली नाही. नियम पाच नावाची एक सोय आहे: मायनर लीगमध्ये अडकलेला असा खेळाडू दुसरा संघ किरकोळ रकमेत उचलू शकतो, मात्र त्याला वर्षभर मोठ्या संघात ठेवावं लागतं. आपण त्याला पहिल्याच क्रमांकावर उचललं. २०२५ मध्ये तो आपला ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमाच्या मध्यावर निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्यांचा उरलेला खेळाडू आपला सर्वोत्तम ठरतो, यावरून दोन्ही घरांच्या कोठारात काय होतं ते समज.

पैशाबद्दल मात्र तुझा राग योग्य आहे. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत. २००५ ची वर्ल्ड सिरीज, १९१७ नंतरची पहिली, त्यांच्याच काळात आली, हे विसरायचं नाही. पण २०१८-१९ च्या हिवाळ्यात मॅनी मचाडोला आणायची वेळ आली, तेव्हा त्याचा मेव्हणा योंडर अलोन्सो आणि मित्र जॉन जे या दोघांना आधीच संघात घेतलं होतं, आणि तरी मचाडो दहा वर्षांच्या ३० कोटी डॉलरच्या करारावर सॅन डिएगोला गेला. आपल्या संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार २०२५ च्या मोसमापर्यंत अँड्र्यू बेनिंटेंडीचाच आहे, पाच वर्षांचे साडेसात कोटी. शिकागोसारख्या शहरात हा आकडा शोभत नाही. उलट २०१६ ला जिंकलेल्या कब्जनी पोरं वर येताहेत हे दिसताच, २०१४ च्या डिसेंबरमध्ये पिचर जॉन लेस्टरला साडेपंधरा कोटी दिले होते. ह्यूस्टननेही २०१७ मध्ये व्हर्लँडरला आणलं ते ऑगस्टच्या शेवटच्या रात्री. पोरं गोळा करून झाल्यावरचं शेवटचं पाऊल दोघांनी टाकलं. आपण त्या पायरीपाशी थांबलो.

आता तुझ्या नवऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण त्याची आशा हवेतली नाही.

२०२५ मध्ये ६० विजय, १०२ पराभव. आकडा वाईट आहे, पण फोडून बघा. ऑल-स्टार सुट्टीपर्यंत ३२-६५, सुट्टीनंतर २८-३७. दुसऱ्या अर्ध्याचा वेग पूर्ण मोसमाला लावला तर सत्तर विजय होतात. केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून काढलेला अंदाजही सत्तरच्या आसपासच येतो. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा येतो तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवतो. म्हणजे खरा संघ सत्तर विजयांचा आहे. निसटते सामने हातचे गेले म्हणून साठ दिसले.

आणि या वेळी एक गोष्ट बदललेली मला जवळून दिसते आहे, ती म्हणजे शिकवणं. कोल्सन माँटगोमेरी, २०२१ च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक). २०२५ च्या एप्रिलमध्ये शार्लटला त्याला चेंडूच लागत नव्हता. आधीचा व्हाइट सॉक्स त्याला तसाच रोज खेळवत राहिला असता. या वेळी त्याला सामन्यांतून काढलं, अॅरिझोनाच्या तळावर नेलं आणि फलंदाजीचे प्रमुख रायन फुलर यांच्याबरोबर कामाला बसवलं. कुणी त्याला शिक्षा म्हटलं, पण मला आनंद झाला. बॅट फिरवण्याची सवय बदलायची तर निकालाची भीती आधी काढून घ्यावी लागते. आमच्या एका सोळा वर्षांच्या मुलाची पुढची टाच लवकर उघडायची. ती सवय मोडायला मी त्याला सहा आठवडे सामन्यात घेतलं नाही, नुसता टीवर, म्हणजे उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडू मारायला लावला. त्याचे वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले होते. सातव्या आठवड्यात त्याचा चेंडू उजव्या कुंपणावर जाऊन आदळला तेव्हा सर्वांत आधी तेच उठून उभे राहिले. माँटगोमेरी ४ जुलैला वर आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन मारून गेला.

कॅचर तर दोन आहेत. काइल टील बॉस्टनकडून आला, गॅरेट क्रोशेच्या बदल्यात, चेस माइड्रॉथ आणि ब्रेडन माँटगोमेरी यांच्याबरोबर. एडगर केरो २०२३ मध्ये एंजल्सकडून आला होता. मी कॅचरांचा कोच, तेव्हा माझा कल इथे असणारच. पण कॅचर चांगला असला की तरुण पिचर धीट होतात, हे मी पक्षपात बाजूला ठेवून सांगतो. २०२६ पासून तर चेंडू स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीत, होता की बाहेर, या पंचाच्या निर्णयाविरुद्ध यंत्राकडे दाद मागता येते, प्रत्येक संघाला सुरुवातीला दोनच संधी. पिचर, कॅचर आणि फलंदाज, तिघांनाच ती मागता येते, आणि पिचर बहुतेकदा भावनेच्या भरात असतो. ज्याच्या डोळ्यांत स्ट्राइक झोन पक्का बसलाय तो कॅचर संघाला दर आठवड्याला धावा वाचवून देईल. चेंडू घेताना ग्लोव्ह हळूच आत ओढून पंचाला भुलवण्याची कला मी वर्षानुवर्षं शिकवली. आता मुलांना त्याच्या जोडीला झोन मोजायलाही शिकवतोय.

पण क्रोशेचं नाव आलं तिथे थांबू. तो २०२० चा आपलाच पहिल्या फेरीतला मुलगा. बॉस्टनने त्याला घेतल्यावर सहा वर्षांचे १७ कोटी डॉलर दिले आणि २०२५ मध्ये तो २५५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) घेऊन अमेरिकन लीगमध्ये पहिला आला, साय यंगमध्ये दुसरा. ती अदलाबदल चुकीची होती असं मी म्हणत नाही. १२१ पराभवांच्या संघाला टील आणि माइड्रॉथची गरज जास्त होती. मात्र आज आपल्याला नेमकं काय कमी आहे? क्रोशेच. मालिकेतला पहिला सामना ज्याच्या हाती निर्धास्त सोपवावा असा पिचर. आणि तरुण पिचरच्या कोपरावर भिस्त ठेवणं किती धोक्याचं, ते २०२५ च्या सुरुवातीलाच दिसलं: ड्रू थॉर्प आणि काय बुश, दोघांच्याही कोपरांवर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवणं. आमच्या शेजारच्या ऑस्विगोचा नोआ शुल्ट्झ, पावणेसात फूट उंचीचा डावखुरा, त्याला २०२५ मध्ये गुडघ्याने सतावलं. २०२४ चा पाचव्या क्रमांकाचा हेगन स्मिथ २०२५ मध्ये चेंडूवर ताबा शोधत होता. या चारांतले दोन पूर्णपणे उभे राहिले तर मी नशीब समजेन. चारही उभे राहतील असं धरून आखणी करणं म्हणजे २०२१ चीच चूक.

ड्राफ्टबद्दलही एक गैरसमज तुमच्या वादात असेल, तो काढतो. "हरलो तर निदान पहिला क्रमांक मिळेल" हे आता खरं नाही. २०२२ च्या करारानंतर पहिल्या सहा जागा सोडतीने ठरतात, आणि मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं त्या सोडतीत बसता येत नाही. १२१ पराभवांनंतर आपल्याला २०२५ मध्ये दहावा क्रमांक मिळाला. २०२६ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक डिसेंबरच्या सोडतीत लागला, त्याचं स्वागत आहे, पण तो मुलगा मोठ्या संघात दिसायला दोन-तीन वर्षं जातील. या दशकातल्या प्लेऑफच्या वादात त्याला फार धरू नका.

तर कोण बरोबर? २०२६ मध्ये मी प्लेऑफ बघत नाही. जपानमध्ये एका मोसमात ५६ होम रन मारलेल्या मुनेताका मुराकामीला दोन वर्षांचे ३ कोटी ४० लाख देऊन आणलंय, हे पाऊल मला आवडलं; तो चुकवतोही बराच, पण ही जोखीम आपल्यासारख्या संघानेच घ्यायची असते. तरी ७२ ते ७६ विजय माझ्या हिशोबात चांगले. २०२७ साठी आकडा सोपा आहे. २०२२ पासून दोन्ही लीगमधले सहा-सहा संघ प्लेऑफला जातात. २०२४ मध्ये टायगर्स आणि रॉयल्स दोघेही ८६ विजयांवर आत गेले. सत्तरवरून ८६, म्हणजे १६ विजय. कोल्सन माँटगोमेरी, टील, केरो, शेन स्मिथ यांच्या वाढीतून निम्मे येतील असं मला मनापासून वाटतं. उरलेले निम्मे विकत घ्यावे लागतील: एक खराखुरा पहिल्या नंबरचा पिचर, दुसरा दोनशेच्या आसपास डाव टाकणारा, आणि राइट फील्डमध्ये जन्माचा आउटफिल्डर. २०२६-२७ च्या हिवाळ्यात हे तिघं आले तर तुझ्या नवऱ्याचं २०२७ शक्य आहे. मी त्याला तिनातला एक वाटा देईन. नाही आले तर तुझं म्हणणं खरं ठरेल आणि ही पोरंही महाग होऊन दुसऱ्या गावी जातील.

मधे एक मोठी आडकाठी आहे. खेळाडू आणि मालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. टाळेबंदी झाली तर नेमका तोच हिवाळा गोठेल. संघात आधीच हिस्सा असलेले जस्टिन इश्बिया यांना मालकी मिळण्याची वाट २०२९ ते २०३३ च्या दरम्यान उघडते, तीही राइन्सडॉर्फ यांनी ठरवलं तरच. तू म्हणतेस तशी मालक बदलायची वाट पाहायची तर टीलची स्वस्त वर्षं संपलेली असतील. म्हणून मी वाट बघायला तयार नाही. जनरल मॅनेजर क्रिस गेट्झ आणि त्यांच्या माणसांवर दबाव हवा तो आत्ता, पोरं वर आलेली असताना.

एप्रिलमध्ये एखाद्या मंगळवारी तिकिटं स्वस्त असतात, तेव्हा या. रेड लाइनने ३५ व्या रस्त्यावर उतरा आणि होम प्लेटच्या मागे, थोडं तिसऱ्या बेसच्या बाजूला जागा घ्या. धावफलक सोडा, पहिले तीन डाव नुसता टीलचा ग्लोव्ह बघा: चेंडू येण्याआधी तो खाली टेकलेला असतो का, आणि खालचा चेंडू घेताना मनगट वर उचलून येतं की खाली दबतं. मग डगआउटच्या कडेला बसलेल्या पिचरकडे बघा. डाव संपल्यावर तो आपणहून उठून कॅचरपाशी जाऊन बसला आणि दोघांची मान एका टॅबलेटवर झुकली, तर नवऱ्याला सांग, काकाने तिनातले दोन वाटे दिले.